बॅकअप आहे हो, पण रिस्टोअर करून पाहिलाय का?

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की माझ्या डोक्यात दोनच शक्यता येतात. एक तर प्रॉडक्शन पडलंय, नाहीतर सांगलीला घरी कुणाला तरी बरं नाही. त्या शनिवारी दोन्ही नव्हतं. आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका मुलीचा फोन होता. (नाव देत नाही, तिला आवडणार नाही.) "तुझी गाडी आहे ना? माझी सुरूच होत नाहीये. मला दहाला क्लासला पोचायचंय, आणि सोबत दोन मोठी खोकी आहेत."

खोक्यांत काय आहे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, खाणं असेल. अर्ध्या वाटेत एका खड्ड्यात गाडी जरा जोरात आदळली आणि ती मागे वळून ओरडली, "हळू! मुकुट आहेत!"

तर मंडळी, अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा ख्मेर नृत्याच्या क्लासला जाऊन बसलो. ख्मेर म्हणजे कंबोडियाचे लोक. कंबोडियाबद्दलचं माझं तोवरचं ज्ञान म्हणजे अंगकोर वाटचा फोटो एके काळी माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर होता, एवढंच. त्यानंतर बरेच शनिवार मी तिथे गेलोय. (गाडी दुरुस्त झाल्यावरही.) हा लेख त्या शनिवारांबद्दल आहे, आणि 'परंपरेचं जतन' हे शब्द आपण जे इतक्या सहज वापरतो, त्याबद्दल.

आधी गाव सांगतो. लोवेल हे बॉस्टनच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवरचं, मेरिमॅक नदीकाठचं गिरणगाव. लाल विटांच्या कापडगिरण्या, त्यांना पाणी पुरवणारे कालवे, आणि कापड विणणं बंद होऊन जमाना झालेला. आता त्याच इमारतींत फ्लॅट आणि ऑफिसं. (हे चित्र मुंबईकरांना समजावून सांगायला नको.) अमेरिकेत लाँग बीचच्या खालोखाल कंबोडियन वस्ती आहे ती इथे. १९८०च्या दशकात निर्वासित म्हणून आलेल्या या माणसांना इंग्रजी येत नव्हतं, पण हात चालत होते आणि गावात कामं होती. वँग लॅबोरेटरीज या त्या काळच्या बड्या कॉम्प्युटर कंपनीचं मुख्यालय लोवेलमध्येच होतं, आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने. १९९२ साली वँगने दिवाळखोरी जाहीर केली, पण माणसं राहिली, देवळं राहिली, नूडल्सची दुकानं राहिली. आणि शनिवारचा क्लास राहिला.

क्लास अशाच एका जुन्या गिरणीतल्या हॉलमध्ये भरतो. पहिल्या दिवशी पंधरासोळा मुलं होती, सहा वर्षांपासून सतरापर्यंत. बहुतेक मुली, तीन मुलगे. त्यांनी कमरेला जे नेसलं होतं ते बघून मी चमकलोच. पायांमधून मागे नेऊन खोचलेला चक्क कासोटा! त्याला ते सोंपोत चांग कबेन म्हणतात. शिकवणाऱ्या बाई पंचावन्नच्या आसपासच्या. आठवडाभर एका कारखान्यात असेंब्ली लाईनवर काम करतात, शनिवारी इथे. सगळी मुलं त्यांना 'नेआक क्रू' म्हणतात. यातला क्रू म्हणजे आपला गुरु, तोच शब्द. गुरुपूजनाच्या विधीला ते सोंपेआ क्रू म्हणतात आणि तो परंपरेने गुरुवारी करतात. ख्मेरमध्ये गुरुवारचं नाव बृहस्पतीवरूनच आलंय. हे कळल्यावर मला उगाच घरच्यासारखं वाटायला लागलं. पुढच्या दहा मिनिटांत ते ओसरलं, कारण नाच सुरू झाला आणि तो माझ्या ओळखीचा अजिबात नव्हता.

सुरुवात बोटांपासून. जमिनीवर बसून मुलं एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मागे वाकवतात, इतकी की बघणाऱ्याला दुखावं. मग कोपरं उलट्या बाजूला वाकवायची. मग 'छा बनचोह', म्हणजे मूळ हालचालींची लांबलचक मालिका. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला अलंकार घोटायला लावतात तसं. वर्षानुवर्षं तेच. हातांच्या मुद्रांतून रोप, पान, फूल, फळ उमलत जातं. सगळं संथ. एवढं संथ की मी घड्याळ बघितलं. पण त्या संथपणात पाय थरथरत असतात, कारण गुडघे वाकवून, पाठ कमानीसारखी ठेवून, एका पायावर तोल सांभाळायचा आणि चेहऱ्यावर मात्र काहीच दाखवायचं नाही.

नेआक क्रू फार बोलत नाहीत. नऊएक वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्यामागे जाऊन त्यांनी आपला गुडघा तिच्या पाठीला लावला, खांदे मागे घेतले, हनुवटी किंचित वळवली आणि एक करंगळी जेमतेम बोटभर वर उचलली. संपलं. ती मुलगी एकदम वेगळीच कुणीतरी दिसायला लागली. मला काय बदललं ते सांगता येणार नाही. बाईंनाही सांगता येणार नाही, फक्त करता येतं. आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या करंगळीची किंमत कळत नाही.

१७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि त्यांनी आख्खं शहर रिकामं केलं. ७ जानेवारी १९७९ला त्यांची सत्ता गेली. मधल्या पावणेचार वर्षांत सुमारे ऐंशी लाखांच्या देशात सतरा लाखांच्या आसपास माणसं मेली: उपासमारीने, आजाराने, अतिश्रमाने, आणि सरळसरळ मारून. शिकलेले, चष्मेवाले, भिक्षू, शिक्षक आणि कलावंत. राजवाड्याशी संबंध असलेला नाच तर जुन्या जगाची खूणच. दर दहा शास्त्रीय कलाकारांपैकी आठ-नऊ जण या काळात गेले असा अंदाज नेहमी दिला जातो.

यात एक गोष्ट अशी आहे की एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, अती झालं. चेआ सामी नावाच्या राजवाड्यातल्या एक नर्तकी होत्या. त्यांच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ लहानपणी नॉम पेन्हमध्ये त्यांच्याच घरी राहिला. तोच पुढे पोल पॉट झाला. ख्मेर रूजच्या राज्यात चेआ सामी इतरांसारख्याच शेतावर राबत होत्या, आणि देशाचा सर्वेसर्वा आपला दीर आहे हे त्यांना कळलं ते त्याचं चित्र बघून. त्या वाचल्या. आणि नंतर नॉम पेन्हमध्ये कलाशाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुलींना शिकवायला त्या उभ्या राहिल्या. दिराच्या राजवटीने जे पुसलं, ते वहिनीने आपल्या अंगातून काढून पुढच्या पिढीच्या अंगात घातलं. १९९४ साली त्या गेल्या.

तिकडे थायलंडच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहत होत्या. त्यातली खाओ-इ-दांग ही १९७९च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मोठी छावणी. तिथेही वाचलेल्या नर्तकींनी मुलं गोळा केली आणि शिकवायला सुरुवात केली. आमच्या नेआक क्रू तिथेच शिकल्या, दहा वर्षांच्या असताना. एकदा मी (मुलीच्या दुभाषेगिरीने) विचारलं, की खायची भ्रांत असताना नाच कसा सुचला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच बाळबोध प्रश्न विचारलाय. म्हणाल्या, "रांगेत उभं राहणं सोडून दुसरं काय होतं करायला? आणि शिकवणारी बाई रोज यायची. ती यायची म्हणून आम्ही जायचो."

ती यायची म्हणून आम्ही जायचो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या धंद्यातला किस्सा. पहिल्या नोकरीत आमच्या एका क्लायंटकडे रोज रात्री बॅकअपचा जॉब चालायचा. रोज सकाळी हिरवा टिक. आठ महिने हिरवा टिक. एक दिवस डेटाबेस गेला आणि आम्ही रुबाबात म्हणालो, काळजी नको, बॅकअप आहे. उघडून बघतो तर फायली रिकाम्या. आठ महिने जॉब इमानेइतबारे रिकाम्या फायली लिहीत होता, आणि रिस्टोअर होतंय का हे कुणी एकदाही करून पाहिलं नव्हतं. ती रात्र मी विसरणार नाही. धडा एकच: जो बॅकअप रिस्टोअर करून पाहिलेला नाही, तो बॅकअप नाहीच, ती नुसती समजूत आहे.

परंपरा जतन करणारे लोक (आपण सगळेच) हिरव्या टिकवर फार खूश असतो. व्हिडिओ काढले, डिजिटाईझ केले, मुद्रांची यादी केली. युनेस्कोने २००३ साली कंबोडियाच्या राजनृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून घोषित केलं आणि २००८ साली ते यादीत गेलं. छान झालं. पण १९७९ साली काय नव्हतं? अंगकोरच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या शेकडो अप्सरा होत्या. १९०६ साली राजा सिसोवाथबरोबर नर्तकी फ्रान्सला गेल्या होत्या, तेव्हा शिल्पकार रोदँ त्यांच्यामागे मार्सेयपर्यंत गेला आणि त्याने त्यांची दीडशेच्या आसपास चित्रं काढली. तीही होती. फोटो होते, फिल्म्स होत्या. त्यातल्या एकाही गोष्टीवरून नाच रिस्टोअर झाला नाही. झाला तो मूठभर जिवंत बायकांच्या गुडघ्यांवरून, कोपरांवरून, करंगळ्यांवरून.

व्हिडिओचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. ज्याला आधीच येतं त्याला आठवण करून द्यायला तो उत्तम. पण व्हिडिओत फक्त दिसतं. पाठीला लागलेला गुडघा किती जोराने लागला ते व्हिडिओत येत नाही. माझ्या मते ख्मेर नृत्याचा चालू अवस्थेतला बॅकअप मोजायचा असेल तर एकच आकडा बघावा: ज्यांनी स्वतः शिकून पुढे दुसऱ्या कुणाला तरी शिकवलंय, अशा चाळिशीच्या आतल्या व्यक्ती किती? नुसतं नाचलेल्या नाही, शिकवलेल्या. आमच्या शनिवारच्या क्लासमध्ये तो आकडा एक आहे. ती माझ्या टीममध्ये टेस्टिंग करते आणि तिची गाडी अधूनमधून बंद पडते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. अमेरिकेत वाढलेल्या पोरांनी केलेला नाच 'खरा' ख्मेर नाच राहील का? हिपहॉप ऐकणारी ही पोरं, त्यांना ख्मेर धड बोलता येत नाही, ती त्यात काहीबाही घुसडणार. मी वाचायला लागलो तेव्हा माझीही सहानुभूती या आक्षेपाच्या बाजूने होती. आता नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं म्हणजे ज्याला आपण शुद्ध आणि प्राचीन समजतो ते कधीचं आहे ते बघा. पोस्टरवर दिसणारं सुप्रसिद्ध अप्सरा नृत्य विसाव्या शतकाच्या मध्याला राणी कोसामाक यांच्या देखरेखीखाली बसवलं गेलं. त्यांची नात, राजकन्या बोप्पा देवी, त्यातली पहिली नावाजलेली अप्सरा. (त्या २०१९ साली गेल्या.) प्रेरणा अंगकोरच्या शिल्पांची, पण रचना नवी. राजवाड्यातल्या नाचात पूर्वी सगळ्या भूमिका बायकाच करायच्या: स्त्री, पुरुष, राक्षस, वानर. वानराची भूमिका मुलग्यांकडे आली तीही त्याच काळात. आणि आज लोवेलमधल्या मुलग्यांना या नाचाकडे ओढणारी गोष्ट कोणती? वानर! रामायणाच्या ख्मेर अवताराला रेआमकेर म्हणतात. त्यातल्या हनुमानाच्या सेनेच्या कोलांट्या, खाजवणं, उड्या. क्लासमधल्या तिघा मुलग्यांना संथ मुद्रांचा कंटाळा येतो, पण वानराची पाळी आली की डोळे चमकतात. म्हणजे एका राणीने केलेला बदल सत्तर वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पोरांना धरून ठेवतोय. तो बदल तेव्हा झाला नसता तर हे तिघे आज कुठल्यातरी पार्किंग लॉटमध्ये असते.

दुसरं, हा नाच मुळात कुणाचा? शतकानुशतकं तो राजाचा होता. छावण्यांत पोचलेले बहुतेक लोक भातशेती करणारे. त्यांच्या गावात लोकनृत्यं होती, पण राजवाड्यातला नाच त्यांच्यापैकी किती जणांनी देश सोडायच्या आधी बघितला असेल? शेतकऱ्याच्या पोरीने राजवाड्यातला मुकुट घालणं हीच मोठी घटना, आणि ती घडवली परागंदा होण्याने. आता 'शुद्ध ठेवा' म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, की कुठल्या वर्षातलं शुद्ध?

तिसरं, जिला पूर्ण येतं तीच बदलू शकते. सोफिलीन चिएम शापिरो हे नाव यात महत्त्वाचं. ख्मेर रूजनंतर नॉम पेन्हच्या कलाशाळेतून तयार झालेल्या पहिल्या पिढीतल्या त्या एक. १९९१ साली अमेरिकेला आल्या, २००२ साली लाँग बीचमध्ये पतीबरोबर ख्मेर आर्ट्स अकॅडमी काढली. त्यांनी शेक्सपियरचा ऑथेल्लो घेऊन 'सामरीतेचाक' नावाची नृत्यरचना केली, अगदी शास्त्रीय मुद्रांच्या भाषेत. कशासाठी? त्यातला नायक स्वतःचा गुन्हा कबूल करतो आणि त्याची जबाबदारी घेतो. ख्मेर रूजचे नेते ते करत नव्हते. ज्यांचा बाप आणि भाऊ त्या काळात गेले त्यांना हे म्हणायचं होतं, आणि म्हणायला त्यांनी आपलीच भाषा वापरली. त्यांच्याकडे लाँग बीचमध्ये शिकलेला, तिथेच वाढलेला प्रुमसोदुन ओक पुढे कंबोडियाला गेला आणि २०१५ साली त्याने नॉम पेन्हमध्ये समलिंगी पुरुषांची स्वतःची नृत्यमंडळी उभी केली. म्हणजे बॅकअप साईटवरून मूळ सर्व्हरला नव्या गोष्टी परत गेल्या. आमच्यात याला यशस्वी सिस्टिम म्हणतात.

इंटरनेटवर मात्र वेगळंच युद्ध चालू असतं: हा नाच थाई लोकांनी ख्मेरांकडून घेतला की ख्मेरांनी थाईंकडून? मुखवट्यांच्या नाट्याची दोन भावंडं, थायलंडचं खोन आणि कंबोडियाचं लाखोन खोल, २०१८ साली दोन्ही युनेस्कोच्या याद्यांत गेली आणि भांडण काही थांबलं नाही. २०२५ साली सीमेवर प्रत्यक्ष गोळीबार झाला तेव्हा तर विचारू नका. मी तिला विचारलं, तुझं मत काय? ती म्हणाली, "जे भांडतात त्यांच्यापैकी एकाची तरी मुलगी शनिवारी क्लासला येते का, ते सांग."

आता पैशांचं बोलू, कारण शेवटी ते आहेच.

परदेशातल्या छोट्या कलासंस्थेला पैसे मिळतात ते कार्यक्रमाला. ऑगस्टमध्ये मेरिमॅकच्या काठावर जलोत्सव भरतो, १९९७ सालापासून. होड्यांच्या शर्यती, खाणं, आणि स्टेजवर नाच. एप्रिलमध्ये ख्मेर नववर्ष. स्टेज असतं, बॅनर असतं, फोटो असतात, त्यामुळे प्रायोजकही असतो. पण जानेवारीतल्या शनिवारी, बाहेर उणे पंधरा असताना, हॉलचं हीटिंग चालू ठेवायला आणि बाईंना मानधन द्यायला पैसे मागितले तर अर्जात भरायला रकानाच नसतो. 'या प्रकल्पाचं फलित काय?' फलित काय सांगणार? एका मुलीची करंगळी बोटभर वर गेली? त्यात सरकारी अनुदानाचा भरवसा नाही. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने देशभरातल्या अनेक संस्थांची अनुदानं ईमेल पाठवून काढून घेतली.

माझं मत सरळ आहे. शंभर डॉलर द्यायचे असतील तर स्टेजला दहा द्या आणि शनिवारला नव्वद द्या. आणि त्या नव्वदातही क्रम लावायचा तर असा. आधी शिकवणाऱ्या बाईंना पगार, मानधन नव्हे, पगार, म्हणजे त्यांना असेंब्ली लाईनवरचे तास कमी करता येतील. मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना, धाकट्यांना शिकवण्याबद्दल पैसे. कारण गळती होते ती इथेच. कॉलेज, पार्टटाईम नोकरी, गाडीचा हप्ता. मॉलमधल्या दुकानात तासाला पैसे मिळतात आणि इथे मिळत नाहीत, तर ती मुलगी मॉलमध्ये जाणार, आणि तिने जाऊच नये असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार? दहा वर्षं खपून तयार केलेली विद्यार्थिनी नेमकी शिकवण्याच्या वयात निघून जाते. आणि तिसरं म्हणजे वादक. या नाचाची साथ पिनपेआत नावाच्या वाद्यवृंदाची: बांबूच्या पट्ट्यांचं रोनेआत, सनईची आठवण करून देणारी स्रलाय, गोलात मांडलेल्या घंटा, आणि सगळ्यांना लय देणारा सामफोर, म्हणजे दोन्ही हातांनी वाजवायचा आडवा मृदंग. आमच्या क्लासमध्ये रेकॉर्डिंग लावतात. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. सहा वर्षांच्या मुलीला आणि सतरा वर्षांच्या मुलीला तीच लय. वादक समोर असता तर तो पायांकडे बघून वाजवला असता.

हे सगळं लिहिताना एक प्रश्न मला टोचतो, तो न टाळता लिहितो. हे ओझं या मुलांनी का वाहायचं? आजीआजोबांनी सोसलं, त्याची भरपाई नऊ वर्षांच्या मुलीने शनिवारचं कार्टून सोडून का करायची? घराघरांत त्या चार वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. माझी सहकारी सांगते की तिच्या आईने आजवर त्यावर मोजून तीन वाक्यं उच्चारली असतील. न बोललेलं सगळं नाचावर टाकून मोकळं व्हायचं, हा मुलांवर अन्याय नाही का?

मी हे तिला विचारलं, परतीच्या वाटेवर. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मी चौदाव्या वर्षी सोडला होता. सहा वर्षं गेलेच नाही. कुणी काही बोललं नाही. विसाव्या वर्षी परत गेले तर नेआक क्रू म्हणाल्या, बोटं कडक झालीयेत, बस. एवढंच." मग म्हणाली, "मुलांनी सोडावं की. सोडायला हरकत नाही. परत यायला क्लास जाग्यावर पाहिजे, बास."

मला वाटतं याहून चांगलं उत्तर नाही. जतन म्हणजे मुलांना बांधून ठेवणं नाही. दार उघडं ठेवणं, हीटिंग चालू ठेवणं आणि आत एक येणारं माणूस असणं. ती यायची म्हणून आम्ही जायचो.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट, कारण ती न सांगता दुसऱ्यांना उपदेश करणं बरं नाही. त्या हॉलच्या कोपऱ्यात एक सामफोर ठेवलेला असतो. वाजवणारे गृहस्थ वारले, त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. एका शनिवारी मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि रेकॉर्डिंगबरोबर माझी बोटं मांडीवर चालत होती. नेआक क्रूंनी बघितलं. आपल्या मोजक्या इंग्रजीत विचारलं, "यू प्ले?" मी म्हटलं, हो, म्हणजे वाजवायचो. तबला. नऊ वर्षं शिकलो. सर घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे.

"व्हाय स्टॉप?"

मी म्हटलं, दहावी होती. आता 'दहावी' हे इंग्रजीत कसं सांगणार? माझ्या सहकारी मुलीने ख्मेरमध्ये काहीतरी समजावलं. मोठी परीक्षा असते, सगळं बंद करून अभ्यास करतात, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिला काहीतरी विचारलं. ती थोडी हसली, आणि मग तिला ते भाषांतर करायला अवघड वाटलं असावं.

"त्या विचारतायत," ती म्हणाली, "परीक्षा संपली ना?"

संपली. बारा वर्षं झाली संपून. आमच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती, कुणी शहर रिकामं केलं नव्हतं. आम्ही गणिताच्या क्लासची वेळ जुळत नाही म्हणून बंद केलं, आणि घरात सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं. माझ्याकडे सरांचे शिकवताना काढलेले दोन व्हिडिओ आहेत, जुन्या फोनवरचे. हार्डडिस्कवर आहेत, क्लाऊडवरही आहेत. हिरवा टिक.

सरांचा नंबर माझ्याकडे नाही. आईकडे असेल. आज इथे शनिवारची रात्र आहे, म्हणजे सांगलीत रविवारची सकाळ. चहा झाला असेल. फोन करून बघतो.